कालोतिनाचं वीजघर

"तीन खातं आणि एक देतं," मीटरवरून नजर हटवत आर्गिरिस म्हणाला. "मावशी, तुमचं यंत्र वीज तयार करत नाही. वीज खातं."

"एक देतं ना?" कालोतिनाने विचारलं.

कॅफेवाला थेमेलिस हसला. तक्रार त्याचीच होती. काल्यम्नोसच्या धक्क्यावर हे वीजघर सुरू झाल्यापासून त्याचा फ्रीज म्हाताऱ्यासारखा कण्हत होता. वीज तयार व्हायला लागली की गावात वीज कमी पडते, हे जगात बहुधा इथेच घडत असावं. ते थांबवायला वीज खात्याने आर्गिरिसला रोड्सहून बोटीने पाठवलं होतं.

धक्क्याच्या टोकाला एक उंच लोखंडी सांगाडा पाण्यात उभा होता. त्याच्यावर लांबलचक साखळी, आणि साखळीला ऑलिव्ह तेलाचे रिकामे डबे. गावच्या विजेवर चालणारा कॉम्प्रेसर नळीतून तळाशी हवा सोडायचा. हवा उपड्या डब्यांत शिरायची, डबे हलके होऊन वर धावायचे, वर येऊन उलटायचे आणि पोटात पाणी भरून घेऊन पुन्हा खाली जायचे. साखळी फिरली की डायनॅमो फिरे, आणि खांबावर एक दिवा लागे. तो लागलाय की नाही हे बघायला दुसरा दिवा लागतो, असं थेमेलिसचं म्हणणं.

"कोंबडीला तीन पाव चारायचे आणि एक अंडं काढायचं," तो आताही म्हणाला. "तेही लहान."

"तुझ्या कॅफेत पाव खाऊन अंडंसुद्धा न देणारे दिवसभर बसलेले असतात," कालोतिना म्हणाली. "त्यांची तक्रार मी कुठे केली का?"

असं बोलून तिने खुर्ची ओढली, मुख्य स्विचच्या पुढ्यात ठेवली आणि तिच्यावर बसली. बाई तशी अंगाने भरलेली. स्विच दिसेनासा झाला.

तिला उठवणं सोपं नव्हतं, हे सगळं बंदर जाणून होतं. दोन हिवाळ्यांत वादळाने सांगाडा मोडला. दोन्ही वेळा तिने तो उभा केला. डबे गंजले की ती घरोघर फिरून नवे मागून आणी. पाद्रीबुवांनी देवळात, नाव न घेता, पण तिच्याकडेच बघत, व्यर्थ खटाटोपावर प्रवचन दिलं. तिने ते मन लावून ऐकलं आणि परत येऊन साखळीला ग्रीस लावलं.

"मावशी, उठा."

"नाही उठत."

आर्गिरिसने घाम पुसला. "बरं, हे यंत्र कधी एखाद्या मिहानिकॉसला तरी दाखवलंत का?"

"माझा नवराच मिहानिकॉस होता."

आर्गिरिसला हायसं वाटलं. तो मूळचा अथेन्सचा. अथेन्समध्ये मिहानिकॉस म्हणजे इंजिनियर. काल्यम्नोसवर मिहानिकॉस म्हणजे बोटीवरच्या यंत्राची हवा नळीतून घेत समुद्राच्या तळाशी उतरणारा आणि तिथले स्पंज काढून आणणारा माणूस.

"मग त्यांनाच बोलवा की," तो म्हणाला. "आम्ही दोघं काय ते बोलून घेऊ. कुठे असतात ते?"

"लिबियासमोर," थेमेलिस म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

"तळाशी होता, तेव्हा बोटीवरचं यंत्र बंद पडलं," कालोतिनाने सांगितलं. "दोर ओढला, तो रिकामाच वर आला."

आर्गिरिसने टोपी काढली. माणूस सरकारी असला तरी वाईट नव्हता. खांबावरच्या त्या मिणमिणत्या दिव्याकडे त्याने पाहिलं, आणि सगळं प्रकरण आपल्या लक्षात आलं असं त्याला वाटलं.

"हे आधी सांगायचं नाही का, मावशी? मी तुम्हाला थेट तार ओढून देतो. यंत्र नको, डबे नकोत, वादळाची काळजी नको. आता खर्च होते तेवढ्याच विजेत त्यांच्या नावाने एक सोडून तीन दिवे लागतील. चांगले झगझगीत. रात्रंदिवस."

थेमेलिसनेही जोरात मान हलवली. फ्रीजचं काय होणार, हे विचारायचंसुद्धा त्याला सुचलं नाही.

पाण्यातून एक डबा वर आला, उलटला, बुडबुडे सोडून परत खाली गेला. कालोतिना खुर्चीवरून हलली नाही.

"दिवा त्याला काय करायचाय, पोरा?" ती म्हणाली. "त्याला हवा हवी. दिवा माझ्यासाठी आहे. हवा बंद पडली तर वर कुणाला तरी कळायला नको?"