बेचाळिसावी सही

एकेचाळीस सह्या झाल्या होत्या. राहिलेली एकच, ती रघूच्या स्वतःच्या घरातली, आणि दारात येऊन त्याचाच पाय आत पडेना.

रघू ग्रामपंचायतीचा शिपाई. रजिस्टर काखोटीला मारून सकाळपासून बंदरवाडी फिरत होता. महिला ग्रामसभा काल झाली, असं कागदावर दाखवायचं होतं. झाली कसली! वरच्या गावात, ग्रामपंचायतीच्या ऑफिसात, सरपंचबाई आणि अंगणवाडीच्या ताई अशा दोघीच चहा पिऊन उठल्या. भर दुपारची घाटी चढून कोण जातंय? मग नेहमीचंच. पानाच्या खालच्या अर्ध्या भागात बायकांच्या सह्या घ्यायच्या, वरच्या अर्ध्यात काय ते मागाहून लिहायचं. वर्षानुवर्षं असंच चाललंय, कोणाचं काही अडलं नाही.

या वेळी मात्र गोष्ट वेगळी होती. बंदरवाडीनं वरच्या गावापासून फुटून आपली वेगळी ग्रामपंचायत करायची की नाही, ते उद्याच्या ग्रामसभेत ठरायचं होतं. नळावर, जेटीवर महिनाभर दुसरा विषय नव्हता. आणि या पानावर काय लिहिलं जाणार ते रघूला पक्कं ठाऊक होतं. सरपंचबाईंचे यजमान, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात आणि खरा कारभार जे बघतात, त्यांनी काल त्याला बाजूला घेतलं होतं. "बायकांनी नको म्हटलं तर पुरुष कशाला हात वर करतायत? आणि रघ्या, वाडी फुटली तर तू वाडीचा. तिथे शिपाई ठेवायला कोण बसलंय?"

मृणाली पडवीत मांदेली साफ करत होती. रघूची बायको, शिवाय वाडीच्या बचत गटाची अध्यक्ष. तिचीच सही नसली तर वाडीभर बोभाटा झाला असता.

"सही कर गो एक. चारच्या आत वर पोचवायचंय."

तिनं हात धुतले, वास घेऊन बघितला, पुन्हा धुतले. मग रजिस्टर मांडीवर घेतलं.

"वर काहीच नाय लिहिलेलं."

"मागाहून लिहितात. तुला काय आज कळलं?"

"आजवर झाडं लावा, संडास बांधा असले ठराव होते, म्हणून विचारलं नाय. आज काय लिहिणार?"

"मला काय म्हाईत? मी शिपाई."

"बारा वर्षं रजिस्टर वाहताय आणि म्हाईत नाय?"

रघू खांबाला टेकून बसला. "एकत्रच राहायचं, असं," तो म्हणाला. "एकमतानं."

मृणालीचं बोट सह्यांवरून खाली येत एका अंगठ्यापाशी थांबलं. "हा येसूबाईचा. ती तर सगळ्यांत पुढे हाय वेगळं व्हायला. हयातीच्या दाखल्यासाठी दरसाल ती घाटी चढते, गुडघे धरत. तिला काय सांगितलंत?"

"तिनंच विचारलं, नळाच्या पाण्यासाठी ना रे?"

"मग?"

"मी मान हलवली."

"शी!" मृणाली म्हणाली, आणि तोंडाला पदर लावला.

रघू एकदम भडकला. "मग काय करू सांग! आपल्या पोरीची, सानवीची, दापोलीच्या कॉलेजची फी कोण भरणार? तुझी येसूबाई? नोकरी गेली तर ह्या वयात कोणाच्या होडीवर जाऊ मी? पाण्यात उभं राहिलं तरी चक्कर येते मला!"

खोटं काहीच बोलला नव्हता तो. तिलाही रात्र रात्र हीच भीती खात होती, फक्त तिनं ती बोलून दाखवली नव्हती. तिनं त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"लिहा वर," ती म्हणाली.

"मी? अगो, ग्रामसेवकाचं रजिस्टर हाय ते. माझं अक्षर बघितलं तर..."

"कोऱ्यावर मी सही करायची नाय. काय ते लिहा, मग करते."

रघूनं घड्याळ बघितलं. तीन वाजून गेले होते. त्यानं पेन काढलं आणि रजिस्टर जमिनीवर ठेवून, वाकून लिहिलं: बंदरवाडीतील महिलांनी एकमताने ठरवले की, वाडीची स्वतंत्र ग्रामपंचायत करू नये. एवढंच लिहायला त्याला पाच मिनिटं लागली.

मृणालीनं ते दोनदा वाचलं. पेन मागून घेतलं आणि एकेचाळीस जणींच्या खाली स्वच्छ अक्षरात सही केली.

हुश्श! रघूचा जीव भांड्यात पडला. त्यानं रजिस्टर उचलायला हात पुढे केला, तर ती सोडेना.

"मला वेगळं व्हायला हवं होतं," ती म्हणाली. "तुमच्या नोकरीपायी सही केली. पण वाचून केली. आता जा, आणि ह्या बाकीच्या बायांनाही वाचून दाखवा. घरोघरी."

"डोकं फिरलंय तुझं? चारला वर..."

"उशीर होऊ दे."

"आणि त्या म्हणाल्या, आमची सही खोड, तर?"

मृणालीनं पेनाला टोपण लावलं. उठून त्याच्या जवळ आली, आणि पेन त्याच्या शर्टाच्या खिशाला नीट अडकवलं. "खोडायला लागेल."