दुरुस्तीवर सही

ऱ्हस्वकाका शेवटी वारले, तेही स्वतःच्या सहीने. पण ते तूर्त झालंच नाही असं समजू. कारण या क्षणी काका चांगले ठणठणीत, छत्री काखेत धरून, जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाच्या चार नंबरच्या खिडकीपाशी उभे आहेत. शेजारी काकू. चाळीस वर्षं छापखान्यात बसून काकांनी लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, म्हणून हे नाव. स्वतः एक ओळ कधी लिहिली नाही. चुकली असती तर?

"काका, तुम्ही इथे मयत दिसताय," खिडकीतल्या बाई रजिस्टर बघून म्हणाल्या.

"घरीपण तसेच दिसतात हो," काकू म्हणाल्या.

बाई हसल्या. माणूस समोर उभा असताना वाद कशाला, म्हणून त्यांनी रजिस्टरच बाहेर सरकवलं. "चूक आमचीच आहे. या नोंदीवर आडवी रेघ मारा, शेजारी सही करा. झालात जिवंत."

काकांनी पेन उघडलं. नोंदीत लिहिलं होतं, 'मृत्यूमुखी पडले.' काकांचा हात थबकला. समासात 'त्यू' दीर्घ? त्यांनी तो ऱ्हस्व केला आणि नियमाप्रमाणे दुरुस्तीशेजारी तारखेसह सही ठोकली. रेघ मारायची राहूनच गेली.

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, काय केलंत! दुरुस्तीवर सही म्हणजे बाकी सगळा मजकूर मान्य. आता पक्के गेलात तुम्ही."

"मग काय चुकीचं ठेवायचं?"

"आणि एका नोंदीवर सही एकदाच."

आता एकच वाट उरली, नमुना क्रमांक सात. त्यात एकच प्रश्न आणि दोन ओळींची जागा: 'अर्जदाराने हयातीत काय केले?' खाली साक्षीदाराची सही.

"लिहा," काका छाती काढून म्हणाले. "कधी खोटं बोललो नाही. कुणाचं काही घेतलं नाही. दारू नाही, विडी नाही. रांग मोडली नाही. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

बाईंचं पेन हवेतच राहिलं. "रागावू नका काका, पण हे सगळं तर मेलेला माणूसही करत नाही."

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. काका काकूंकडे वळले. "तू सांग की. एखादी गोष्ट असेलच ना?"

काकूंनी मनापासून आठवून पाहिलं. इतका वेळ, की मागचे दोघं चहा पिऊन परत आले.

"शेजारच्या मास्तरांनी सांगितलं असतं," त्या हळूच म्हणाल्या. "पण ते गेले. भर दुपारी घरात पडले. एक हाक आली. दार सताड उघडं होतं. हे धावत गेले, उंबऱ्यापर्यंत."

"न विचारता कुणाच्या घरात शिरू नये," काका म्हणाले. "मी दोनदा विचारलं, येऊ का? आतून काही उत्तर आलं नाही."

"तासभर उभे होते," काकू बाईंना म्हणाल्या. "चपला काढून."

यावर कुणी हसलं नाही. बाई उगाचच शिक्क्याची शाई पुसत बसल्या. काकांनी एक कोरा कागद मागून घेतला, डाव्या हाताला समास सोडला आणि एकही खाडाखोड न करता लिहिलं:

'प्रति, माननीय अधिकारी.
विषय: उंबरा ओलांडण्यास मागील तारखेने परवानगी मिळणेबाबत.
महोदय, खाली सही करणारा मयत सदर दुपारी सदर दारापाशी पुन्हा एकदा हजर राहू इच्छितो. या खेपेस तो कुणालाही न विचारता आत जाईल. तरी तशी परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.'