माळावरची वेडी बाभूळ

“हितनं धरा, त्या बांधापातुर,” हौसराव आप्पांनी काठीनं दाखवलं आणि सणसवाडीहून आलेली सगळी मंडळी कुदळी-कुऱ्हाडी घेऊन वेड्या बाभळीवर तुटून पडली.

राहू गावाजवळच्या वनखात्याच्या माळावर दर उन्हाळ्यात ही बाभूळ मुळासकट काढायची आणि पावसानंतर ती पुन्हा हजर. तिच्याखाली गवत येत नाही आणि गवत नाही तर चिंकारा कशाला फिरकेल? कारखान्यातली हक्काची सुट्टी काट्यांत घालवून माणसं वैतागली होती. यंदाही उगवली तर हा नाद सोडायचा, असं ठरलंच होतं. ही मंडळी जमवणाऱ्या मायाच्या ते फार जिव्हारी लागलं होतं.

माळ मोठा, दरवर्षीचा तुकडा वेगळा. मायाला यायला संध्याकाळ होणार होती, म्हणून तिनं यंदाची जागा दाखवायला माळाशेजारी शेळ्या राखणाऱ्या आप्पांना सांगितलं होतं. मंडळींतल्या धम्मदीपला याचंच नवल वाटत होतं. एरवी हा म्हातारा त्यांना बघितलं की काठी उगारायचा. बाभूळ तोडायच्या निमित्तानं फॉरेस्टवाले जमीन गिळतात, ही त्याची पक्की समजूत. आज गडी ताकाची कळशी घेऊन आलेला!

“आप्पा, आज लई खुशीत?”

“पुण्याचं काम हाय, बाबा,” आप्पा मिशीत हसले. “ती कोपऱ्यातली तेवढी ऱ्हायली बघ.”

दुपारी आप्पांनी पिठलं-भाकरीही आणली. ठेच्यानं सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी काढलं, पण पोट भरल्यावर कुऱ्हाडी दुप्पट जोरानं चालल्या. दिवस कलला तेव्हा रानात एक खुंट उरला नव्हता.

तेवढ्यात वनरक्षक नवनाथ मोटरसायकलवरून आला आणि डोक्याला हात लावून उभा राहिला.

“आरं, काय केलं ह्ये? आपला माळ वढ्याच्या पल्याड. ह्ये तर आप्पांचं पडीक रान!”

सगळे आप्पांकडं वळले.

“आता डोळ्यांनी नीट दिसत न्हाई, पोरांनो,” असं म्हणत आप्पा रिकामी कळशी उचलून तरातरा निघून गेले.

माया आली तेव्हा धम्मदीप नुसता धुमसत होता.

“मायाताई, म्हाताऱ्यानं आपल्याला गंडवलं! फुकटात रान साफ करून घेतलं!”

मायानं त्या मोकळ्या रानावर एक नजर फिरवली. मग तिला हसू आवरेना.

“त्यांच्या शेळ्या हितल्या शेंगा खात्यात आन् लेंड्यांतनं बी आपल्या माळावर टाकत्यात. परवानगी मागून त्यांनी जन्मात तोडू दिलं नसतं, म्हणून तर जागा दाखवायला त्यांनाच सांगितलं आन् मी सकाळपासनं त्या वढ्यात लपून बसले होते.”