मिरचीखालचा कॅमेरा

वजन जास्त भरल्यामुळे कॅमेरा आणि लेन्स विमानात जवळ ठेवता येणार नाहीत, मोठ्या बॅगेतच टाकाव्या लागतील, हे कळल्यापासून भाग्येशची झोप उडाली होती. नंदुरबारचं मिरचीचं दुकान सोडून तो आफ्रिकेत सिंहांचे फोटो काढायला निघाला होता. त्यानं नंबरचं कुलूप आणलं, लेन्स बनियनमध्ये गुंडाळल्या. दुकानावर बसत नाही म्हणून रुसलेल्या वडिलांनी, छगनआबांनी, तरीही वरून मिरचीपुडीची थैली कोंबली. "चोर हात घाली तं डोया चोयत बशी."

तिकडे उतरल्यावर बॅग आली ती कुलूप फुटलेली. मिरची गायब, कॅमेरा जागेवर. लेन्स तर चोरानं पुन्हा बनियनमध्ये गुंडाळल्या होत्या, घरच्यापेक्षा घट्ट.

तक्रारखिडकीतला माणूस म्हणाला, "कॅमेरा वाचला ना? नशीबवान आहात."

भाग्येश खवळला. "वाचला कसला! काढून, उलटापालटा करून बघितला आणि नको म्हणून परत ठेवला! अपमान आहे हा, लिहून घ्या!"

"कोणत्या रकान्यात लिहू?" त्या माणसानं शांतपणे विचारलं.

शेवटी भाग्येशनं घरी फोन लावला. "आबा, इतला भारी कॅमेरा सोडीसन त्यानी मिरची नेली! डोकं शे का त्या चोरले?"

आबांचा आवाज एकदम मऊ झाला.

"त्याना पत्ता भेटी का रे? दुकानवर त्यालेच बसाडसूत."