गच्चीवरचा अंदाज

फेलिशियाने पहिलं केळं हातात घेतलं, सुरी टेकवली आणि तशीच थांबली.

"सोलू नकोस!" तिचा नवरा केनी ओटीवरून ओरडला. "हे बघ मोबाइलवर. समुद्रात कमी दाबाचा पट्टा. आज-उद्या पालघर जिल्ह्यात अवकाळी पाऊस. डिसेंबरात यलो अलर्ट दिलाय, येडे!"

तिच्यासमोर राजेळी केळ्यांचे सव्वीस घड पिकून पिवळेजर्द झाले होते. तसेच वसईच्या बाजारात नेले तर निदान खपले असते. सोलून सात दिवस कडक उन्हात सुकवले तर त्यांची सुकेळी होणार होती. पण एकदा साल उतरलं की मागे फिरता येत नाही. दोन दिवस ऊन चुकलं की केळं आंबतं, काळं पडतं, डुकरंसुद्धा तोंड लावत नाहीत.

आणि या खेपेला प्रश्न नुसत्या केळ्यांचा नव्हता. केनीला सगळी राजेळी तोडून तिथे गाड्यांचं पार्किंग करायचं होतं. फेलिशियाने त्याच्या हातापाया पडून एक हिवाळा मागून घेतला होता. सुकेळी झाली तर वाडी राहील. बिघडली तर इस्टरच्या आधी कुऱ्हाड, आणि मग तिने अवाक्षर काढायचं नाही. तसा शब्दच दिला होता तिने.

"पपांना विचारते," ती म्हणाली.

हिलरीपपा म्हणजे तिचे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना विचारल्याशिवाय आळीत कोणी केळं सोलत नसे, वाल वाळत घालत नसे, लग्नाचा मांडवसुद्धा उभारत नसे. चाळीस वर्षं हेच. सकाळी पपा गच्चीवर जायचे. आधी कामणच्या डोंगरांकडे बघायचे, मग समुद्राकडे, आणि खाली येऊन एकच शब्द बोलायचे. 'सोला', नाहीतर 'थांबा'. टीव्हीवाले शंभरदा चुकले असतील, पपा एकदाही नाही.

सासूबाई मार्गारेट त्यांच्याही वरताण. त्या जन्मात कधी गच्चीवर गेल्या नाहीत. जिन्याखाली उभं राहून नवऱ्याला उतरताना नुसतं बघायच्या, आणि पपांनी तोंड उघडायच्या आधीच चटया गुंडाळायला लागायच्या. बायकोला नवऱ्याचं मन कळतं ते असं, असं फेलिशियाला नेहमी वाटायचं. मार्गारेट जाऊन आता तीन वर्षं झाली होती.

पपा गच्चीवर गेले. जूनमध्ये डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ताडताड चढायचे, काठी कोपऱ्यात धूळ खात पडली होती. ऑपरेशनच्या वेळी सगळी आळी हॉस्पिटलात जाऊन आली होती, मोसंब्यांचा आणि बिस्किटांचा नुसता ढीग लागला होता. 'बघा, बाप कसा पोरासारखा चालतोय,' असं केनी अजून भेटेल त्याला सांगायचा.

आज ते वर बराच वेळ थांबले. मग तसेच ताडताड खाली आले.

"सोला," पपा म्हणाले. "निस्तं ऊन हाय."

केनीने मोबाइल पुढे केला. पपांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "हा तुझ्या खिशात काल आला," ते म्हणाले. "मी चाळीस वर्सं सांगतोय."

फेलिशियाची सुरी चालायला लागली. कुंपणापलीकडून शेजारच्या डायनाने हाक मारली, "फेली, हिलरीकाका काय म्हनतात गं?"

"सोला म्हणाले!"

झालं. दुपारपर्यंत आळीतल्या सात घरांनी केळी सोलली. सात अंगणांत बांबूच्या मांडवांवर चटया पसरल्या आणि त्यांवर पांढरीपिवळी, उघडी केळी ओळीने पहुडली. परसात सालांचे ढीग साचले.

दोन वाजता वारा पडला. डिसेंबर असून अंगाला घाम फुटला. कामणचे डोंगर एकदम जवळ दिसायला लागले, अगदी झाड न् झाड मोजता यावं इतके. कावळे कुठे गेले कोण जाणे, एकाचाही आवाज नव्हता. फेलिशियाने छातीवर क्रूस केला आणि पुन्हा समुद्राच्या बाजूला बघितलं. माडांच्या शेंड्यांमागे आभाळ तव्याच्या बुडासारखं काळं झालं होतं.

ती धावत गच्चीवर गेली.

पपा तिथेच होते. जेवणावरून उठून कधीचे वर येऊन बसलेले. कठड्याला टेकून दोन्ही हातांनी डावा गुडघा दाबत होते.

"पपा, पाऊस येतोय!" फेलिशियाला रागाने रडू फुटलं. "तुम्ही तर सोला म्हणालात! माझी वाडी गेली हो, पपा! केनी आता एक झाड ठेवायचा नाही!"

पपांनी आभाळाकडे पाहिलंच नाही. ते गुडघ्याकडेच बघत होते.

"सकाळी लय वेळ थांबलो गं," ते म्हणाले. "कळ येते का बघत होतो. नाय आली. म्हनून बोललो सोला."

"कसली कळ?"

खालून डायना ओरडली, "काका, चटया उचलू का राहू देऊ?" तिच्या पाठोपाठ आणखी दोन अंगणांतून तीच हाक आली. कठड्यावर पहिला थेंब पडला, चांगला रुपयाएवढा.

"मला आभाळातलं काय कळत नाय, पोरी. कधीच नाय कळलं." पपांचा आवाज एवढासा झाला होता. "ते फक्त मार्गारेटला माहीत होतं. पानी येनार असलं की आदल्या दिवशीच हा गुडघा ठनकायचा. चाळीस वर्सं तोच सांगत होता, आनि आपन त्यालाच कापून फेकला."