दोनशे भजनं

गळ्याच्या ऑपरेशनात महालिंगप्पांचा आवाज कायमचा गेला. उरली ती त्यांनी गायलेली दोनशे भजनं, तीही मोबाईलच्या ॲपमध्ये. मेमरी कार्डावरची भजनं पुसून जावयानं त्यात हळदीची डीजे गाणी भरली होती. दवाखान्याच्या धावपळीत ॲपचा पॅक भरायचा राहिला आणि खातंच बंद झालं. त्यांच्या पत्नी उमादेवींनी कस्टमर केअरला फोन लावला.

"भजनं सरांचीच कशावरून, मॅडम?" पलीकडच्या बाईनं विचारलं.

"आख्ख्या मुरुम गावाला विचारा की वो!"

"तसं चालत नाही. सरांना एखादं गायला सांगा. आवाज जुळला की खातं लगेच चालू."

उमादेवी काही बोलायच्या आत महालिंगप्पांनी फोन ओढून घेतला. डोळे मिटले, मांडीवर ठेका धरला आणि एक भजन पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसत्या ओठांनी म्हटलं.

बाई अदबीनं म्हणाली, "सर, तुम्ही म्यूटवर आहात."