सव्वादहा इंच

टेपवर पावणेदहा इंच भरले. साधनानं बोट सोडलं, टेप खटकन डबीत गेली, आणि ती म्हणाली, “सव्वादहा.”

टेबलाच्या पलीकडं धर्माजीबापू वाकले होते, हनुवटी जवळजवळ हिरव्या कापडाला टेकलेली. ते तसेच राहिले. बोटाएवढे त्यांचे वीस खेळण्यातले मराठे घोडेस्वार निजामाकडून खेळणाऱ्या तिच्या तोफांसमोर उभे होते. घोड्यांची धाव दहा इंच. तेवढ्यात पोचले असते तर निजामाच्या तोफा गेल्या असत्या, आणि खर्ड्याची लढाई जशी झाली होती तशीच कासारवाडीत पुन्हा झाली असती.

“मला आत वाटलं व्हतं,” बापू म्हणाले.

गोरक्षच्या स्पेअर पार्टच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी सकाळी जुन्या लढायांचा हा खेळ मांडत. चार-पाच जणं जमायची. नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, पण बापूंनी ते टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सारलेलं. त्यांचे नियम दोन. हल्ला करायचा तर आधी नजरेनं अंतर ठरवून बोलायचं, मग मोजायचं. आणि आपलं अंतर आपण मोजायचं नाही, समोरच्यानं मोजायचं. तो सांगेल ते खरं, दुसऱ्यांदा टेप लावायची नाही. दोनदा मोजायची वेळ आली तर खेळता कशाला, कोर्टात जा की, असं ते म्हणायचे.

बापू दिघीचे, तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. डोंगराकडं नुसतं बघून किती मीटर ते सांगायचे म्हणे, आणि गोळा तिथंच पडायचा. हे अर्थात त्यांनीच सांगितलेलं. पण वर्षभरात टेबलावर त्यांचा अंदाज चुकलेला कुणी पाहिला नव्हता.

आणि साधना चाकणच्या कंपनीत क्वालिटीला. केसाएवढ्या फरकासाठी आख्खा माल परत पाठवणारी बाई. तिनं मोजलं म्हटल्यावर बघायला कोण येतंय? वर्षभर ती बापूंकडून हरत आली होती, न चुकता. त्याचं तिला वाईट वाटत नसे, हरवता हरवता माणूस शिकवायचा. पण आज जिंकणं हाताशी आलं होतं आणि जीभ तिच्या आधीच बोलून गेली. अर्ध्या इंचासाठी. तिचं वय अठ्ठेचाळीस.

मग तिच्या तोफा उडाल्या, फासे तिच्या बाजूनं पडले, घोडेस्वार एकेक करून आडवे झाले. चहा घेऊन आलेला रणजीत, त्या चार-पाचांतलाच एक, म्हणाला की निजाम जिंकला, आता शाळेची पुस्तकं परत छापावी लागणार. सगळे हसले. बापूही हसले, जरा उशिरा. त्यांनी उठून तिच्याशी हात मिळवला आणि आपले घोडे डब्यात भरायला घेतले. तिनंही तोफा भरल्या. पटापट भरल्या.

चहा पिता पिता बापूंनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. मुलगा जयदीप सहा महिने मागं लागलाय, म्हणाले, स्कूटर सोडा म्हणून. दिघीहून इथवरच्या रस्त्याला कंटेनर काय, डंपर काय. मी त्याला शब्द दिलेला, ज्या दिवशी नजरेचा अंदाज चुकंल त्या दिवशी चावी तुझ्या हातात.

“आज चुकला,” ते म्हणाले, आणि खिशातून चावी काढून रणजीतपुढं ठेवली. “मला घरी सोड, भावा. तू रिक्षानं माघारी ये.”

गोरक्षनं विचारलं, आणि पुढचे रविवार? बापूंनी खांदे उडवले. कुणी आणून सोडलं तर येईन. सूनबाईला सांगायचं म्हणजे तिलाही एकच रविवार मिळतो.

साधनानं कप खाली ठेवला. आता बोलली नाही तर कधीच बोलणार नाही, हे तिला स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं.

“बापू, तुमचे घोडे पोचले होते,” ती म्हणाली. “पावणेदहा भरलं होतं. मी खोटं सांगितलं.”

टेबलावर नुसतं कापड होतं. घोडे डब्यात, तोफा डब्यात. आता मोजून दाखवणार काय?

बापूंनी तिच्याकडं पाहिलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

“अर्ध्या सुताचा फरक असला तर ट्रक माघारी धाडता तुमी,” ते म्हणाले. “तुमी खोटं मोजाल व्हय, ताई?”

“शप्पथ, बापू. मुलांची शप्पथ.”

“आता पोरांना मदी आणू नका.” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून सोताच्या नावाला बट्टा लावून घ्यायचा न्हाई. गेली नजर, गेली. त्यात काय.”

ती आणखी काही बोलणार होती. पण बोलेल तितकं सगळ्यांच्या नजरेत तिचंच मन मोठं ठरत होतं.

बापू निघाले. एरवी धडधडत उतरणारा माणूस कठड्याला धरून, पायानं पायरी चाचपत खाली गेला. मागोमाग डबा घेऊन रणजीत. दोन मिनिटांनी तो बापूंचं हेल्मेट न्यायला परत वर आला, दारात थांबला, आणि इतरांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाला, “बरं केलंत ताई, असं बोललात ते. आम्हाला नसतं सुचलं.”